किती सेकंदांनी विझते, ते मोज

नागपूर, ११ जानेवारी

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज पहाटे वाचला आणि झोपच उडाली. बाहेर उणे वीस, घरात काकू, आणि घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस लागते न् विझते! इथे २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर आला होता, तर आम्ही सगळे कुडकुडत होतो. तुमचं काय होत असेल, कल्पनाच करवत नाही.

पहिली गोष्ट. प्रेशर स्विच ‘डायरेक्ट’ करून टाक, असं शेजारी म्हणतो ना? ते करू नकोस. हात जोडतो. जळलेला वायू पंखा बाहेर ओढतोय की नाही, हे तोच स्विच बघतो. बाहेरच्या पाइपाचं तोंड बर्फानं बुजलेलं असलं आणि तू स्विच डायरेक्ट केलास, तर कार्बन मोनॉक्साइड घरात येईल. त्याला ना वास, ना रंग. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. काकूंच्या खोलीबाहेर त्याचा अलार्म आहे ना? बटण दाबून बघ. नसेल तर आजच आण.

कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर माझी अठ्ठावीस वर्षं गेली. तिथे ज्योत दिसेनाशी झाली की इंधन तत्क्षणी बंद, युनिट ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. परत पेटवण्याआधी पाच मिनिटं नुसती हवा सोडून भट्टी साफ करायची, मग वरून कितीही फोन येवोत. तुझी फर्नेस त्याच कुळातली आहे. ती विझते म्हणजे बिघडलीच असं नाही, काहीतरी पटलं नाही म्हणून ती स्वतःच गॅस तोडते. काय पटलं नाही, ते शोधायचं.

त्यासाठी घड्याळ घेऊन समोर बस. थर्मोस्टॅटनं सांगितलं की आधी छोटा पंखा फिरेल, मग ज्योत पेटवणारा इग्नायटर लालभडक होईल, मग गॅस सुटून बर्नर पेटतील. तिथून मोज. पाच-दहा सेकंदांत विझली, पुन्हा लागली, पुन्हा विझली आणि दोन-चारदा असं होऊन गप्प बसली, तर माझा संशय फ्लेम सेन्सरवर, म्हणजे ज्योत आहे की नाही ते सांगणाऱ्या दांडीवर. पाच-सात मिनिटं छान चालून विझली, तर हवेचा फिल्टर काढून बघ. तो धुळीनं भरला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, लिमिट स्विच बर्नर बंद करतो.

सेन्सरवर एवढा संशय का, सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या गॅस गीझरचं हेच झालं. टक-टक-टक, भक्कन पेटायचा, आणि बादलीत तांब्याभर गरम पाणी पडलं की बंद. सेल बदलले, फरक नाही. मेकॅनिक म्हणाला, पूर्ण सर्किट बदला. मी सिलिंडर बंद केला, झाकण उघडलं. बर्नरवर दोन दांड्या असतात, एक ठिणगी देते, दुसरी ज्योतीत उभी राहून ती आहे की नाही ते सांगते. त्या दुसरीवर पांढुरका, खरबरीत थर चढला होता, तव्यावर जुनं पीठ चिकटतं तसा. झिरो पेपर हलक्या हातानं चार वेळा फिरवला. तेव्हापासून एकदाही विझला नाही.

ज्योतीतून वीज वाहते रे, पण अगदी काही मायक्रोअँपिअर. एवढासा थरही तिला अडवतो. मग सर्किटला वाटतं ज्योतच नाही, आणि ते गॅस तोडतं.

आता तुझा सेन्सर साफ कसा करायचा ते. आधी फर्नेसचा वीजेचा स्विच आणि गॅसचा कॉक, दोन्ही बंद. सेन्सर बहुधा एकाच स्क्रूवर असतो: पांढरं चिनी मातीचं बूड, पुढे बारीक दांडी. चिनी मातीला तडा असेल तर नवाच घाल. दांडी बारीक स्टील वूलनं पूस, जाड सँडपेपर नको, चरे पडतात. इग्नायटरला बोट लावू नकोस, फार ठिसूळ असतो. बर्नरकडची अर्थिंगची वायर सैल नाही ना, तेही बघ, कारण सेन्सरची वीज त्याच वाटेनं परत येते.

एवढं करूनही सेकंदांतच विझली, तर माणूस बोलव, पैशांकडे बघू नकोस. आणि गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता काकूंना घेऊन आधी बाहेर पड, फोन बाहेरूनच कर.

आमचा गीझर आधी बाथरूममध्येच होता, माहीत आहे ना? थंडी येते म्हणून व्हेंटिलेटरला मी स्वतः पुठ्ठा ठोकला होता. एक दिवस ही आंघोळीला गेली ती भिंत धरत बाहेर आली, डोकं गरगरतंय म्हणाली, ओठ पांढरे. अजून दोन मिनिटं गेली असती तर... त्याच आठवड्यात गीझर बाल्कनीत हलवला. म्हणून इतकं लिहितोय.

तुझी रात्र म्हणजे माझी सकाळ, मी जागाच असतो. सेकंद मोजले की लगेच कळव. काकूंना नमस्कार सांग, तिळगूळ पाठवलाय.

तुझा,
पम्या