आधी कंबर मोज

नौपाडा, ठाणे

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या वजनाचा विषय निघाला की तू घाईत असतोस, म्हणून लिहून पाठवतेय. दिवाळीत मावशी सगळ्यांदेखत तुझ्या पोटावरून बोलली ते मला मुळीच आवडलं नाही. तू कसा दिसतोस याची मला काळजी नाही. पण रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा तुझं घोरणं मधेच थांबत होतं, श्वासच थांबत होता, आणि मग गुदमरल्यासारखा जोरात श्वास घेऊन तू कूस बदलत होतास. घशाभोवती चरबी साठली की झोपेत श्वासाची वाट अशी बंद होऊ शकते. स्लीप ॲप्निया म्हणतात त्याला. त्याने बीपी वाढतं, दिवसा डुलक्या येतात. तू बाइक चालवतोस रे!

उंची १७० सेंटिमीटर, वजन ८१ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २८. ‘३० च्या खाली आहे’ म्हणून तू निर्धास्त. पण आपल्याकडचे डॉक्टर २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्या भारतीयांची चरबी पोटात, यकृताभोवती साठते. तिथे ती रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं काम बिघडवते. मग साखर, फॅटी लिव्हर, हृदय. तुझ्या आजोबांचा मधुमेह तू पाहिला आहेस.

म्हणून आधी कंबर मोज. पॅन्टचा नंबर सांगू नकोस, पॅन्ट पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धर, पोट आत न ओढता. पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत राहावं.

यात तुझा आळस आहे असं मी म्हणणार नाही. घराण्यात आहे, त्यात रात्रपाळी आणि अपुरी झोप. आणि ते वजन उतरवायच्या पावडरचे डबे घेऊ नकोस. पाच-दहा टक्के वजन, म्हणजे तुझे चार ते आठ किलो उतरले तरी साखर आणि बीपी सुधारतं. इथे आलास की मामलेदारची मिसळ खाऊच. मध्यरात्री मागवलेली बिर्याणी तेवढी थांबव.

या आठवड्यात उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, यकृताच्या तपासण्या करून घे. झोपेची तपासणी कुठे करायची ते डॉक्टरांना विचार. रिपोर्ट बाबांच्या व्हॉट्सॲपवर पाठव, माझ्या फोनवर पीडीएफ उघडत नाही.

तुझी,
आई