पालखेडच्या खेळात आधी नकाशाचे प्रमाण ठरवा

मा. संपादक,
स. न.

वॉरगेमच्या, म्हणजे नियम आणि सोंगट्या घेऊन लढाई खेळण्याच्या खेळांच्या, जाहीर होऊनही कधीच न निघालेल्या पुरवण्यांवरचा (मूळ खेळाला जोडायच्या भागांवरचा) आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. प्रकाशकाकडे पैसा नसतो म्हणून पुरवण्या अडतात, हे लेखातले कारण अर्धेच खरे. नवी पुरवणी बहुधा मूळ नियमांनाच धक्का देते. दुसऱ्या महायुद्धावरचा ‘स्क्वॉड लीडर’ हा खेळ १९७७ साली आला आणि पुढच्याच वर्षी ‘क्रॉस ऑफ आयर्न’ या त्याच्या पुरवणीने रणगाड्यांचे नियम नव्याने मांडले. १९८० आणि १९८२ च्या पुरवण्यांनी आणखी फेरफार केले. त्या मालिकेत जपानी सैन्य आलेच नाही. १९८५ मध्ये सगळे नियम मुळापासून लिहावे लागले, पॅसिफिकची पाळी त्यानंतर.

मराठवाड्यातल्या लढायांची पुरवणी इथल्याच खेळाडूंनी करावी, ही लेखातली सूचना रास्त आहे. मात्र टेबलावर छोट्या सैनिक-मूर्तींनी (मिनिएचर) खेळायच्या ‘चेनमेल’च्या (१९७१) मध्ययुगीन लढायांच्या नियमांना मराठा घोडदळाचा एक तक्ता चिकटवून ती होणार नाही. त्यात १ मिनिएचर म्हणजे २० माणसे, १ इंच म्हणजे १० यार्ड आणि १ फेरी म्हणजे १ मिनिट. सहा फुटी टेबल म्हणजे ७२० यार्ड, जेमतेम ६६० मीटर. हलक्या घोडदळाची चाल २४ इंच, म्हणजे तीन फेऱ्यांत घोडी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला! हुलकावणी द्यायला आणि रसद तोडायला जागा उरते कुठे?

वैजापूर तालुक्यातले पालखेड (२८ फेब्रुवारी १७२८) तर टेबलावर मांडूच नये. तिथे बाजीरावांनी निजामाला पाण्यावाचून कोंडले. निकाल लावला तो आधीच्या दौडीने. त्यासाठी प्रशियातल्या १८२४ च्या क्रीगश्पीलची, म्हणजे नकाशावर तुकड्यांचे ठोकळे मांडून पंचाच्या देखरेखीखाली खेळायच्या युद्धखेळाची, पद्धत घ्यावी. त्यात नकाशे तीन ठेवावेत आणि दोन्ही बाजू वेगळ्या खोल्यांत बसवाव्यात. निजामाच्या खेळाडूला सगळे ठोकळे दिसले तर तो कोरड्या मुलखात पाऊल टाकणारच नाही.

क्रीगश्पीलचे १:८,००० प्रमाण दौडीला चालत नाही. १०० किलोमीटरच्या मुलखाला साडेबारा मीटर कागद लागेल. १:५०,००० ला २ मीटर पुरतात. दौड त्यावर, तासातासाच्या फेऱ्यांनी खेळावी. गाठ पडली की तेवढाच तुकडा सव्वासहा पट मोठा करून २ मिनिटांच्या फेऱ्या सुरू कराव्यात. प्रत्येक ठोकळ्याला पाणी आणि चारा किती दिवसांचा आहे, याची चिठ्ठी पंचाकडेच असावी.

नेहमी फसते ते नकाशात. आजची टोपोशीट (सर्वेक्षणाचा भूरूपदर्शक नकाशा) जशीच्या तशी वापरली की पैठणच्या धरणाचा नाथसागर आणि वैजापूर-गंगापूरकडे येणारा नांदूर-मधमेश्वर कालवा तिच्यात येतात. मग निजाम तहानेने मरेल कसा? धरणे, कालवे, पाझर तलाव आधी खोडावेत. नद्यांनाही फेब्रुवारीतले पाणी धरावे, पावसाळ्यातले नव्हे.

टेबलावरच खेळायचे तर राक्षसभुवन (१० ऑगस्ट १७६३) घ्यावे. गोदावरीला पूर, निजाम पलीकडे आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह अलीकडे अडकलेला. टेबलाची एक लांब कड नदीला द्यावी, त्या कडेपलीकडे रेटली गेलेली तुकडी बाद. संपूर्ण फौज मांडण्याचा मोह मात्र टाळावा : १:२० ने दहा हजार माणसांना ५०० मिनिएचर लागतात. त्या मागच्या फौजेचाही एखादाच भाग घ्यावा.

— वॉरगेम खेळणारे काही वाचक, छत्रपती संभाजीनगर