मोठी फाइल उडवू नकोस

चिपळूण, रविवार रात्र

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

तू एडिट केलेल्या लग्नाच्या फिल्मबद्दल काल संध्याकाळी नवरीच्या वडिलांचा फोन आला. आवाज फारच गोड होता, म्हणजे तक्रार होती. "मुलीने काम झकास केलंय हो तुमच्या, पण जरा येऊन बघता का?" गेलो. ५५ इंची टीव्ही, समोर सगळं घर बसलेलं, माझ्या हातात चहा. हळद छान. सीमांतपूजनही छान. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी मनातल्या मनात तुझी पाठ थोपटत होतो. गुरुजींच्या उपरण्याची किनारसुद्धा दिसत होती. मग 'सावधान' झालं, अंतरपाट निघाला, अक्षता पडायला लागल्या आणि नवरीचं तोंड चौकटीचौकटीचं झालं. तीन-चार सेकंदच. नंतर पुन्हा सगळं स्वच्छ. नवरीची आजी मला म्हणाली, "हिच्या तोंडावर जाळी कशाने आली रे?"

रात्री तुला फोन केला तेव्हा एकेक उलगडलं. ५२ मिनिटांची फिल्म तू प्रोरेसमध्ये, म्हणजे फारशी न दाबता, काढलीस, ती भरली ४८ जीबी. त्यावरून ५ जीबीची एमपीफोर केलीस. इथपर्यंत बरोबर. ती पेनड्राइव्हवर जाईना, 'फाइल फार मोठी आहे' असं यायला लागलं, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असूनसुद्धा. गाडी पकडायची होती, म्हणून त्याच ५ जीबीच्या फाइलवर कसलं तरी ॲप चालवून ७०० एमबीची केलीस आणि ती दिलीस. आणि लॅपटॉपवर जागा नव्हती म्हणून ४८ जीबीवाली उडवलीस.

फोनवर मी जास्त बोललो नाही. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि माझाही आवाज चढतो. म्हणून लिहितोय.

आधी पेनड्राइव्हचं, कारण ते सोपं आहे. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असला तर त्यावर ४ जीबीच्या वरची एक अख्खी फाइल बसतच नाही, जागा कितीही असो. एक्सफॅट केला की बसते, पण पार्टीकडचा जुना टीव्ही एक्सफॅट वाचेलच असं नाही. मी त्या भानगडीत पडत नाही, फाइलच ४ जीबीच्या आत ठेवतो. गणित दुकानात उभ्या उभ्या होतं: बिटरेट (म्हणजे सेकंदाला किती बिट) गुणिले सेकंद, भागिले आठ. तुझी ५२ मिनिटं म्हणजे ३,१२० सेकंद. सेकंदाला ८ मेगाबिट धरले तर ३,१२० एमबी, म्हणजे साधारण ३.१ जीबी. आरामात मावली असती. आता तुझे ७०० एमबी उलटे मांडून बघ. आवाजासकट सेकंदाला जेमतेम १.८ मेगाबिट. फुल एचडी चित्राला १.८! (आई मागून वाचतेय. म्हणते, मुलीला पत्रात गणितं काय घालताय.)

पण मग बाकीची फिल्म चांगली कशी दिसली? तुझाही प्रश्न तोच होता, आणि खरी मजा त्यातच आहे. एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, आणि आपल्या सेकंदाला २५ फ्रेम. काहीच न दाबता ठेवायचं म्हटलं तर रंगाची माहिती आधीच चौथ्या हिश्श्यावर आणूनसुद्धा सेकंदाला सुमारे ७८ एमबी, तासाला २८० जीबी होतात. म्हणून एनकोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लिहिणारा प्रोग्राम, एक फ्रेम पुरी लिहितो आणि पुढच्या फ्रेमांमध्ये फक्त काय हललं तेवढंच लिहितो. मंगलाष्टकांच्या वेळी काय हलतं? गुरुजींचे ओठ, आणि मामाच्या हातातला नारळ थोडा. अंतरपाट तर भिंतीसारखा. १.८ मेगाबिटमध्ये ते सुखाने बसतं.

आणि मग अक्षता. दोनशे माणसं एकाच क्षणी मूठ उघडतात. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने, वेगळ्या वेगाने, त्यावर आपल्या लाइटची चमक, आणि त्याच सेकंदाला चार फोटोग्राफरांचे फ्लॅश. फ्लॅश पडला की अख्ख्या फ्रेमचा उजेड बदलतो, म्हणजे 'मागच्या फ्रेमसारखंच आहे' असं म्हणायची सोयच राहत नाही. सगळंच नवीन. लिहायला मात्र बिट तेवढेच. मग एनकोडर बारकावा सोडून देतो, आणि नवरीच्या तोंडावर उरतात चौकटी. मिरवणुकीतला गुलाल, गुहागरच्या किनाऱ्यावरचा फेस, आपला इथला पाऊस, सगळ्यांची हीच गत. फिल्म तपासताना आरामातला भाग बघत बसू नकोस. एक्स्पोर्ट झाला की सरळ अक्षतांवर जा. तिथे चित्र टिकलं तर सगळीकडे टिकलं.

त्या चौकटींमागे एक आपल्याकडचा माणूस आहे, हे तुला कॉलेजात सांगितलंय का? बंगळुरूचे नासिर अहमद. चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातला डोळ्याला न जाणवणारा बारकावा कमी करायचा, हे ज्या गणितावर चालतं ते डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म त्यांनी नटराजन आणि राव या दोन सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये छापलं. जेपेग फोटो त्यावरच, आपल्या व्हीसीडी-डीव्हीडी त्यावरच, आणि व्हिडिओ दाबायची आजची पद्धत एच-२६४, तिच्यात त्याचीच सुधारलेली पिढी. जाळी त्यांची नव्हे हं. ती बिटांत कंजुषी करणाऱ्याची.

आता करायचं काय. हॅंडब्रेक हे व्हिडिओ दाबायचं सॉफ्टवेअर घे, फुकट आहे. त्यात बिटरेट ठरवून देण्याऐवजी 'कॉन्स्टंट क्वालिटी' धर आणि आरएफचा, म्हणजे दर्जाचा, आकडा १९-२० वर ठेव. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं, हे उलटं आहे ते लक्षात ठेव, माझी पहिली दोन कामं त्या गोंधळात गेली. यात एनकोडर अंतरपाटावर वाचवतो आणि अक्षतांवर उधळतो. घर चालवणाऱ्या बाईसारखं. तोटा एकच, फाइल केवढी होईल ते आधी सांगता येत नाही. ४ जीबीच्या आत बसवायचीच असेल तर सरासरी बिटरेट दे आणि टू पास लाव. पहिल्या फेरीत तो फक्त बघतो कुठे गर्दी आहे, दुसऱ्या फेरीत लिहितो. वेळ जास्त लागतो. लागू दे, रात्री लावून झोप. ग्राफिक कार्डावरचा एनकोडर झटपट आवरतो, पण तेवढ्याच जागेत त्याचं चित्र बहुतेक वेळा डावं येतं. मी तो फक्त पार्टीला कच्चं दाखवायला वापरतो.

पार्टीला द्यायची फाइल एच-२६४ मध्येच, ८ बिट. त्याच्या पुढच्या एच-२६५ मध्ये जागा पुष्कळ वाचते हे मला माहीत आहे, तू मला दोनदा समजावलंस. पण २००३ मध्ये आलेला एच-२६४ आज कुठल्याही टीव्हीवर चालतो, आणि 'तुमचा पेनड्राइव्ह लागत नाही' हा फोन रविवारी दुपारीच येतो. आणि व्हॉट्सॲपवर कोणी छोटा तुकडा मागितलाच तर व्हिडिओ म्हणून टाकू नकोस, डॉक्युमेंट म्हणून टाक. नाहीतर ते पुन्हा दाबतं.

आवाजाबद्दल मात्र मी खरा रागावलोय. ९६ केबीपीएस (सेकंदाला ९६ किलोबिट) का ठेवलास? सनई ऐकताना पाण्याखालून वाजतेय असं वाटत होतं, आणि सत्यनारायणाच्या रात्रीच्या भजनातला टाळ तर चुरचुरत होता. टाळ, झांज, टाळ्या यांत वरचे सूर खच्चून भरलेले असतात, बिट कमी पडले की पहिला बळी त्यांचा. आणि वाचवलंस किती? ५२ मिनिटांचा आवाज ३२० ने ठेवला असता तर १२५ एमबी, तू ठेवलास तो ३७ च्या आसपास. तीन जीबीची फाइल मावत असताना ८८ एमबीसाठी सनई मारलीस. आणि एडिटिंगमध्ये तू 'कॉम्प्रेसर' लावलास तो वेगळा, त्याने फाइल लहान होत नाही. तो मोठा आवाज खाली दाबून लहान-मोठ्यातलं अंतर कमी करतो. गुरुजींच्या माइकला तो हवाच होता. भजनाला इतका नको होता, सगळे एकाच पट्टीत ओरडताहेत असं वाटतं.

हे सगळं शिकशील, मला काळजी नाही. मला टोचलं ते दुसरंच. तू दाबलेल्यावर दाबलंस आणि मूळ फाइल उडवलीस. ४८ वरून ५, ५ वरून ७००. दरवेळी एनकोडर आधीच्या चुकाही इमानदारीने चित्र समजून लिहितो आणि वर आपल्या नव्या चुका घालतो. लहान हवी होती तर पुन्हा ४८ वरूनच काढायची. पिठाचं परत धान्य होत नाही.

पिठावरून आठवलं असं नाही, हे लिहायला बसलो तेच त्यासाठी. तुझ्या आजीची ती जात्यावरची व्हीसीडी तू बघितलीयेस. २००४ मध्ये मी तिचं शूटिंग केलं, मिनीडीव्ही कॅसेटवर, ती संपेपर्यंत. पहाटे पडवीत, एका लाइटवर. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मी ते बघितलंय: खुंट्यावर घासून झिजलेल्या बांगड्या, जात्याच्या कडेने झरणारं पीठ, ओवीच्या शेवटी ती श्वास घ्यायला थांबायची तेव्हा हलणारी मानेवरची शीर. त्यावरून व्हीसीडी केली. ३५२ बाय २८८, म्हणजे मूळ चित्राचा चौथा हिस्सा, आणि सेकंदाला १.१५ मेगाबिट. झरणारं पीठ म्हणजे आता राखाडी चौकोन आहेत. आवाज तेवढा बरा राहिला.

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायला हवी होती. तासाच्या कॅसेटला १३ जीबी लागायचे आणि माझी अख्खी डिस्क ८० ची होती, त्यात लग्नांची मिक्सिंग. मनात म्हटलं, व्हीसीडी आहे ना. पुढच्या जूनमध्ये एका लग्नाला कॅसेट कमी पडल्या, बाहेर मुसळधार, दुकानं बंद. हाताला लागली ती घातली. आजी तेव्हा हयात होती, पुन्हा काढू म्हटलं. गणपतीनंतर ती जात्यावर बसलीच नाही.

मी तुझ्यावर ओरडलो नाही त्याचं कारण हे.

तू एडिट केलेल्या त्या लग्नाचं रॉ फुटेज माझ्या डिस्कवर आहे, उद्या पाठवतो. प्रोजेक्ट फाइल तुझ्याकडे आहे ना? मग पुन्हा मूळ फाइल काढ, अक्षतांवर तपास, आणि ती ४८ जीबी दोन डिस्कांवर ठेव. एक तुझ्याकडे, एक इथे घरी. दोन्ही एकाच कपाटात नकोत. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा माझ्या सहा डिस्का एकाच कपाटात होत्या. पार्टीला नवीन पेनड्राइव्ह मी नेऊन देईन आणि चहाही मीच पिईन.

त्या पुरातून वाचला तो पोटमाळ्यावरचा कॅसेटचा खोका. परवा तो उतरवून पुसत बसलो होतो. एका कॅसेटच्या पाठीवर माझ्याच अक्षरात 'आई – जातं' लिहून खोडलंय, वर लग्नाचं आडनाव, आणि शेवटी सवयीप्रमाणे वेळ: ५३ मि. कॅसेट ६० ची आहे.

शेवटच्या सात मिनिटांवर कदाचित कुणीच लिहिलेलं नाही.

मी अजून लावली नाही. जुन्या कॅमेऱ्याचं हेड झिजलंय, कॅसेटला बुरशी आहे का तेही उजेडात नीट बघायला हवं, आणि एकदा अडकली की गेलीच. कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची फायरवायरची वायर आहे, ती लागणारा जुना कॉम्प्युटरही सुरू होतो. फायरवायरने कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, पुन्हा दाबला जात नाही. त्यावरचं इंटरलेसिंगही (एकाआड एक ओळींनी लिहिलेलं चित्र) तसंच राहू द्यायचं, काढायचं ते नकलेत. एकदाच चालवायची, कॅप्चर लावून. पुढच्या शनिवारी सुट्टी मिळाली तर ये. रिकामी डिस्क घेऊन ये, आणि तुझे चांगले हेडफोन.

तुझा,
बाबा