स्थापित क्षमता म्हणजे वीज नव्हे

संपादक महोदय,

देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता जून २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म (सूर्य, वारा, पाणी, अणू अशा) स्रोतांची झाली. तेव्हापासून ‘आपली निम्मी वीज स्वच्छ झाली’ असे सर्रास बोलले जाते. हयात वीज खात्यात काढलेल्या माझ्यासारख्याला हे विधान खटकते, कारण क्षमता मेगावॉटमध्ये मोजतात आणि वीज युनिटमध्ये. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या युनिटांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास युनिटे आजही कोळशातूनच येतात.

एक हजार मेगावॉटचा सौर प्रकल्प ढग, रात्र आणि पावसाळा धरून वर्षाकाठी साधारण १७५ कोटी युनिटे देतो, तर तेवढ्याच क्षमतेची अणुभट्टी ऐंशी टक्के भाराने चालली तर सुमारे ७०० कोटी. म्हणूनच क्षमतेत दोन टक्क्यांहूनही कमी वाटा असलेली अणुऊर्जा निर्मितीत मात्र तीन टक्क्यांच्या आसपास असते. कारवारजवळच्या कैगा येथील पहिली अणुभट्टी २०१८ अखेर सलग ९६२ दिवस अखंड चालून थांबली, आणि तो त्या वेळी जागतिक विक्रम होता. सूर्य मावळल्यावर घराघरांत दिवे-पंखे सुरू होतात, त्या वेळी कोळशाखेरीज कोण उभे राहणार, या प्रश्नाचे अणुऊर्जा हे एक खरे उत्तर आहे. (घाटघरसारखे उदंचन प्रकल्प, म्हणजे पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करणारे, हे दुसरे; पण घाटघर अवघे २५० मेगावॉटचे आहे.)

असे असूनही २०४७ पर्यंत १०० गिगावॉट (एक लाख मेगावॉट) अणुऊर्जेचे जे उद्दिष्ट फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले, त्याचा मला भरवसा वाटत नाही, आणि त्याचे कारण किरणोत्सर्गाची भीती हे नसून कॅलेंडर हे आहे. गुजरातेतील काक्रापार येथे ७०० मेगावॉटच्या पहिल्या स्वदेशी अणुभट्टीचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि तिची व्यापारी निर्मिती २०२३ मध्ये. जैतापूरसाठी निवडलेल्या ‘ईपीआर’ या फ्रेंच प्रकारच्या अणुभट्टीची कथा याहून लांबलचक आहे : फिनलंडमधील ओल्किलुओटोचे काम २००५ मध्ये सुरू होऊन नियमित निर्मिती २०२३ मध्ये झाली, तर खुद्द फ्रान्समधील फ्लामांव्हिलची अणुभट्टी २००७ पासून रखडत डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीडला जोडली गेली. अशा सोळाशेहून अधिक मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या जैतापूर प्रकल्पासाठी माडबनच्या सड्यावर उभारायच्या आहेत. तोवर कोळशाचा धूर थांबून राहणार नाही.

याचा अर्थ अणुऊर्जा सोडून द्यावी असा मुळीच नाही. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या शेवटच्या तीन चालू अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा कोळशावरील केंद्रे मात्र सुरूच होती. हा क्रम मला उलटा वाटतो. आपल्याकडे ज्या आराखड्याचा अनुभव गाठीशी आहे, त्या काक्रापारसारख्या ७०० मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्या एकामागोमाग एक, त्याच कारागिरांकडून आणि त्याच पुरवठादारांकडून उभारत गेल्यास मुदत आणि खर्च दोन्ही कमी होतील, असे माझे मत आहे. पहिल्या भट्टीत झालेल्या चुका निदान दुसरीत तरी टळतात.

जैतापूरबाबत सरकारची घाई आणि विरोधकांची भीती या दोन्हींत मूळ मुद्दा बाजूला पडतो. २०१० साली करार झाला, एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथील आंदोलनावर झालेल्या गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेला, आणि अद्याप तिथे एकही अणुभट्टी नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या ग्रामस्थांच्या पुनर्वसनाचा वाद कोकणात कुणी विसरलेले नाही. म्हणून आणखी एखादा करार करण्याआधी जैतापूरच्या विजेचा प्रति युनिट अपेक्षित दर, पहिला संच सुरू होण्याचे वर्ष आणि उशीर झाल्यास वाढीव खर्च कोणी सोसायचा, या तीन गोष्टी मराठीतून, राजापूर तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात, अशी माझी मागणी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वीज अभियंता, चिपळूण