गिटार परत आली, दादा

रविवार, रात्री उशिरा

प्रिय दादा,
सा. न.

तू दिलेली गिटार परवा घरी परत आली.

परत म्हणजे? गेली कुठे होती? असं तू विचारणारच, म्हणून आधीच कबूल करते. 2014पासून ती माझ्याकडे नव्हती. तू फोनवर "वाजवतेस ना?" विचारायचास आणि मी "हो रे, वेळ मिळेल तशी" म्हणायचे. साफ खोटं. आता रागवायचं तर रागव, पण पत्र पुरतं वाच.

आई ज्याला "दाढीवाला" म्हणायची, तो माझा मित्र आठवतो? व्हिडिओ कॉल चालू असला की मागून हात हलवून जायचा तो. त्याच्या गिटारची मान मोडली होती आणि माझी नुसती केसमध्ये पडून होती, तेव्हा माझं मनगट दुखायचं. "महिनाभर ने," म्हटलं. महिना संपायच्या आत त्याला दुसऱ्या देशात नोकरी लागली आणि गिटारही त्याच्याबरोबर गेली.

तो मार्चमध्ये गेला. कॅन्सर. तुम्हाला कळवलं नाही, कारण मलाच उशिरा कळलं. आणि उशिरा कळलं, कारण आमचं धड बोलणं उरलं नव्हतं. तेही गिटारवरूनच.

झालं असं, की 2017च्या सुरुवातीला मी ती परत मागितली. तो म्हणाला, आता पाठवता येत नाही, शिसवी लाकडावर निर्बंध आलेत. हे खरंच होतं. साइट्स नावाचा, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात त्या वर्षी शिसवाच्या सगळ्या जाती घातल्या गेल्या, आणि आपल्या गिटारची पाठ आणि बाजू शिसवीच आहेत. (गंमत म्हणजे ते लाकूड भारतातलं. तिकडून फळी आली, इकडे गिटार झाली.) पण मला तू ओळखतोस. मी तो नियम शोधून वाचला. व्यापारासाठी नसलेल्या, 10 किलोपर्यंतच्या पार्सलला सूट होती. गिटारचं सगळं वजन मिळून दोन किलोच्या आसपास! म्हणजे बहाणा. 2019च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना जवळजवळ सरसकट सूट मिळाली, तेव्हा मी ती बातमी त्याला पाठवली, सोबत एक अक्षरही न लिहिता. त्यानं नुसता अंगठा पाठवला. त्यानंतर मीही विषय सोडला आणि हळूहळू त्यालाही.

आता त्याच्या बायकोनं ती पाठवली. मोठं खोकं, आत केस, केसमध्ये त्याचा जुना शर्ट गुंडाळून मानेखाली उशीसारखा ठेवलेला. तो शर्ट बघून मी तशीच बसून राहिले थोडा वेळ.

मग गिटार उजेडात धरली. वरची स्प्रूसची फळी तू दिलीस तेव्हा साईसारखी पांढरट होती, आता मधासारखी झालीये. पहिल्या तीन फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारांखाली खाचा पडल्यात, बी आणि जी तारेखाली सगळ्यात खोल. मी इतकं कधी वाजवलंच नव्हतं. आणि घोडीच्या खाली, लाकडाच्या रेषेच्या बाजूनं, एक केसाएवढी रेघ. नखाला लागतही नाही. मोबाइलचा कॅमेरा भोकातून आत घातला तर आतून त्या रेघेवर नखाएवढ्या लाकडाच्या चार चकत्या चिकटवलेल्या. केसच्या खिशात दुरुस्तीची पावती होती. साल 2016.

म्हणजे बघ. हिवाळ्यात हीटरनं खोलीतली हवा कोरडी पडते. अशा गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता लागते; त्याच्या फार खाली गेलं की फळी आक्रसते आणि तडकते. त्याच्याकडे ती तडकली, त्यानं दुरुस्त करून घेतली, आणि मला सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून शिसवाचा नियम! पावतीच्या मागे आर्द्रतेचे आकडे लिहिलेत, तारखेसकट, कित्येक आठवड्यांचे. वेडा. मला सांगितलं असतंस तर मी दोन दिवस फुगून बसले असते, एवढंच.

संध्याकाळी ट्यूनर लावला. ई तार डी दाखवत होती. म्हटलं, प्रवासात उतरली असेल. ए तार जी. डी तार सी. सहाच्या सहा तारा, अगदी थोडा फरक सोडला तर, बरोबर एकेक स्वर खाली. तारा आपणहून उतरतात तेव्हा अशा रांगेत उतरत नाहीत. मी त्याच्या बायकोला फोन केला. ती म्हणाली, "मी तारांना हात लावलेला नाही. शेवटच्या वर्षात त्यानंच पट्टी खाली घेतली होती." आवाज वर जाईना, हे एक कारण. दुसरं, औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली होती, तारा दाबवत नव्हत्या. एक स्वर खाली घेतलं की तारेवरचा ताण पाचव्या हिश्शानं कमी होतो. तेवढ्यावर तो वाजवत राहिला. कोणी गायला आलंच, तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावायचा, की झाली नेहमीची पट्टी. तो कॅपोही केसमध्ये आहे, त्याच्या रबरात सहा तारांचे सहा चरे.

तारा पार काळ्या पडल्यात, आवाज बसकाच येतो. बदलायला हव्यात, कळतंय. नव्या आणूनही ठेवल्यात. पण खुंट्यांना मी अजून हात लावलेला नाही. कॅपो लावते आणि वाजवते. मनगट बरं आहे, बोटं मात्र दहा मिनिटांत पोळतात.

आईला हे सगळं एकदम सांगू नकोस, ती त्याच्यासाठी फार रडेल. मीच सांगेन. पुढच्या रविवारी फोन करते तेव्हा कॅमेरा चालू ठेव, तुला ती रेघ दाखवायचीये. आणि गायची तयारी ठेव. वहिनी म्हणते, तुझाही आवाज हल्ली वर जात नाही. मग कॅपो काढूनच वाजवेन.

तुझी,
छोटी