अंडरस्कोर, ए, एम

कळव्याच्या मुला,

‘काकू, माझं नाव कुठे टाकू नका, मग लोक रात्री दोनला फोन करतात,’ असं म्हणालास, म्हणून हे बिननावाचं पत्र. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुझे तोंडावर आभार मानायला गेलं की तुला लगेच स्क्रू ड्रायव्हर सापडेनासा होतो.

आपला दिवाळी अंक परवा छापखान्यातून आला. १४४ पानं, वसुबारसेच्या आठ दिवस आधी. विकत घेणाऱ्याला कधी कळणारही नाही की घटस्थापनेच्या आदल्या दिवशी माझ्या लॅपटॉपमध्ये यातलं एकही पान जागेवर नव्हतं. निदान मला तिघांनी तसं सांगितलं होतं. आहे म्हणणारा तू एकटा.

आधी माझी चूक सांगून टाकते, म्हणजे पुढे इतरांवर तोंड सोडायला मी मोकळी. गेली बावीस वर्षं मी ठाण्यात, वर्तकनगरच्या घरातून अक्षरजुळणी करते. मराठी टाइप करायला श्रीलिपी, पानं मांडायला पेजमेकर आणि एक जुना लॅपटॉप. लेक इंजिनीअरिंगला होता तेव्हा त्याने त्यातच विंडोजच्या शेजारी उबुंटू, म्हणजे लिनक्स घराण्यातली दुसरी प्रणाली, बसवलं. चालू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, मी खालचा बाण दाबून विंडोज निवडायची. लेक बंगळुरूला गेला. उबुंटू मागे राहिलं, जिन्याखालच्या त्याच्या सायकलसारखं. यंदा सी ड्राइव्ह भरून लाल झाला, तर सोसायटीतले एक जाणकार म्हणाले, ‘वहिनी, हा बिननावाचा तुकडा कशाला सांभाळताय? उडवा की.’ विंडोजला लिनक्सचा तुकडा वाचता येत नाही, तो नुसता एक पट्टा म्हणून दिसतो, त्याला ना नाव ना अक्षर. उडवला. मला काय ठाऊक, सुरुवातीला ती दोन नावं विचारणाऱ्या द्वारपालाचा सगळा संसार त्याच तुकड्यात होता! दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर ‘नो सच पार्टिशन’, म्हणजे असा तुकडाच नाही, खाली ‘ग्रब रेस्क्यू’ (ग्रब हे त्या द्वारपालाचं नाव), आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ.

इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं, हे तू नंतर सांगितलंस. विंडोजची डीव्हीडी घालून बूटची नोंद पुन्हा लिहिली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. माझा डी ड्राइव्ह, म्हणजे अख्खा दिवाळी अंक, शेजारी शांत बसून होता.

पण मी लॅपटॉप घेऊन गेले एका दुकानात. तिथल्या पोराने ‘ठेवून जा’ म्हटलं, मी ठेवून आले. दोन तासांनी फोन : ‘मॅडम, डेटा पाहिजे होता का?’

होता का. बावीस वर्षं मी लोकांचे काळ आणि वचनं तपासतेय, पण भूतकाळाने असा घाम कधी फोडला नव्हता. त्याने विंडोज नव्याने टाकायला घेतलं होतं आणि त्याआधी होते नव्हते ते सगळे पार्टिशन साफ केले होते. रिक्षा करून धावले. नवं विंडोज अजून टाकायचं होतं, तेवढ्यात लॅपटॉप त्याच्या हातातून ओढून घेतला. मागून म्हणतो कसा, ‘बॅकअप ठेवायचा असतो ना मॅडम!’ खरंय त्याचं. पेनड्राइव्हवर अर्धा अंक होता, तोही जुना. पण बुडणाऱ्याला पोहायला शिकायला हवं होतं असं सांगणारे लोक काठावर नेहमीच असतात.

दुसरं दुकान भारी. काचेचा दरवाजा, एसी, आल्या आल्या पाण्याची बाटली. एक रात्र ठेवून घेतला आणि सकाळी फोनवर सांगितलं, ‘फाइली मिळतायत, पण आत सगळा कचरा आहे. करप्ट. पुढे प्रयत्न करायचा तर अठरा हजार, आणि गॅरंटी नाही.’ तपासणीचे नऊशे वेगळे. तो कचरा मला एकदा दाखवा, असं म्हणायचं मला सुचलं नाही आणि दाखवावा असं त्यांना वाटलं नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पुन्हा त्याच्याकडे येणार आहे. तिसरा लेकाचा मित्र. त्याने फोनवरच निकाल दिला, ‘आंटी, करप्ट म्हणजे गेलंच.’

संपादक एकोणऐंशी वर्षांचे. त्यांना काय तोंडाने सांगणार होते? दोन दिवस मी त्यांचा फोन उचलला नाही.

तुझा पत्ता दिला कोर्टनाक्याच्या झेरॉक्सवाल्याने. ‘कळव्याला एक पोरगा आहे, हळू काम करतो,’ म्हणाला. ही शिफारस होती की तक्रार, तेच कळेना. पावसात स्लो लोकलने एक स्टेशन आले. तुझी जागा म्हणजे शिंप्याच्या दुकानात उसनं घेतलेलं अर्धं टेबल. तिथे भिजलेल्या पंजाबी ड्रेसात उभी राहून मी सगळं भडाभडा बोलले. तू लॅपटॉप चालूच केला नाहीस. चार्जर काढून माझ्या हातात दिलास आणि विचारलंस, ‘काकू, आत काय हवंय?’

साधा प्रश्न, पण चार दिवसांत कोणी विचारला नव्हता. हवंय का असं एकाने विचारलं होतं, तेही उडवून झाल्यावर.

मग तू मला समजावलंस. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत एक छोटा तक्ता असतो. चार ओळी, एकेक ओळ १६ बाइटची, सगळा मिळून ६४ बाइट. कुठला तुकडा कुठून सुरू होतो, केवढा आहे, एवढंच त्यात लिहिलेलं. दुकानातल्या पोराने तो तक्ता पुसला होता. ५०० जीबीच्या डिस्कवर ६४ बाइट! ‘पुस्तक शाबूत आहे काकू, फक्त अनुक्रमणिका फाटलीय.’ मी तेवढ्या रडवेल्या अवस्थेतही तुला दुरुस्त केलं, ‘अरे, दिवाळी अंकात अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी करतात. आधी पानं लागली पाहिजेत.’ तू हसलास. ‘मग आपणही शेवटीच करू.’

आणि खरंच तसंच केलंस. बाकीचं तंत्र मी इथे लिहीत बसत नाही, अर्धं मला कळलं नाही आणि उरलेलं मी चुकीचं सांगेन. मूळ डिस्कला हात न लावता आधी तिची पूर्ण नक्कल, ती तुझ्या स्वतःच्या डिस्कवर, आणि मग सगळे प्रयोग नकलेवर, एवढं मात्र पक्कं समजलं. नक्कल करणारा तो प्रोग्रॅम जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो आणि अडलेली जागा नंतरसाठी सोडतो, हे ऐकून बरं वाटलं. खराब हस्तलिखित मी असंच जुळवते. हरवलेले पार्टिशन शोधून देणारा टेस्टडिस्क फ्रान्समधल्या क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या माणसाने लिहिलाय आणि सगळ्या जगाला फुकट दिलाय, हे तू सांगितलंस तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते अठरा हजार आले. लॅपटॉप जुना, फिरत्या तबकडीचा, हेही नशीबच म्हणालास. नव्या, न फिरणाऱ्या एसएसडी डिस्कवर ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा खरोखरच रिकामी करू शकते, तसं झालं असतं तर हळू काम करणाराही काही करू शकला नसता.

आता त्या रात्रीचं. ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

साडेअकरा वाजले होते. मी ओट्यापाशी उभी होते. भांडी केव्हाच घासून झाली होती, तरी उभी होते. तुझा फोन आला. ‘काकू, झोपला नाहीत ना? डी ड्राइव्ह दिसतोय. एक फाइल उघडलीय, पण मला वाचता येत नाहीये. इंग्रजीत काहीतरी वेडंवाकडं आहे. करप्ट वाटतंय, पण मधेच १८९३ असं साल नीट दिसतंय. मोडलेल्या फाइलीत साल बरं नीट राहील? मी वाचतो, तुम्ही ऐकता का?’

आणि तू वाचायला लागलास. ‘अंडरस्कोर. ए. एम. कॅपिटल आर. मग ते मोठ्यापेक्षाचं चिन्ह. आर.’

मी लाइट बिल उलटं करून त्याच्या पाठीवर लिहून घेतलं. सहा खुणा. एकदा बघितलं. आणि मुला, मी एवढ्या जोरात ओरडले की आमचे हे बाहेर धावत आले.

‘मराठी! अरे, मराठी लिहिलंय तिथे!’

श्रीलिपीच्या त्या जुन्या फॉन्टची फाइल अशीच असते. आत खरं मराठी नसतंच. इंग्रजी खुणांच्या जागी आपल्या अक्षरांचे आकार बसवलेले असतात, आणि ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे मागे उरतात नुसत्या खुणा. अंडरस्कोर म्हणजे म, ए म्हणजे र, एम म्हणजे काना. आकडे मात्र आकडेच राहतात, म्हणून तुला १८९३ दिसलं. फॉन्ट न टाकता फाइल पाठवणारी गिऱ्हाइकं मी इतकी वर्षं सोसलीयत की या खुणा मला तोंडपाठ झाल्यायत. तू उघडला होतास तो आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयावरचा लेख. पहिलाच शब्द ‘मराठी’, आणि १८९३ हे संग्रहालयाच्या स्थापनेचं साल. एका निवृत्त मास्तरांच्या मुंगीएवढ्या अक्षरावरून मी तो तीन संध्याकाळी जुळवला होता.

आता ते कचऱ्याचं वाक्य. काचेच्या दरवाजाआडच्या माणसानेही हेच बघितलं असणार. तीच डिस्क, त्याच खुणा, तेच १८९३. त्याला वाचता आलं नाही, म्हणून त्याने कचरा म्हटलं. तुलाही वाचता आलं नाही, म्हणून तू रात्री साडेअकराला एका अनोळखी बाईला फोन करून अंडरस्कोर, ए, एम वाचून दाखवलंस. मला कळेना तेव्हा न कंटाळता दुसऱ्यांदा, सावकाश. मागून शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता.

आमच्या धंद्यात चांगला मुद्रितशोधक ओळखायची एक खूण आहे. शब्द अडला की तो खोडत नाही, समासात प्रश्नचिन्ह काढतो. म्हणजे लेखकाला विचारा, मला माहीत नाही. वाईट शोधक ‘दुरुस्ती’ करतो आणि कवीचा अख्खा शब्द मारून टाकतो. मी दोन्ही पाहिलेत. तशी माणसं सगळीकडे असतात, फक्त त्यांच्याकडे आपण हळू म्हणून बघतो. नौपाड्यातला माझा चष्मेवाला जुन्या फ्रेमचा स्क्रू बदलण्याआधी मला विचारतो. टीएमटी बसमधला एक कंडक्टर फाटकी नोट परत देण्याआधी ‘दुसरी आहे का, मावशी?’ म्हणतो आणि थांबतो. तेवढं थांबणं हल्ली महाग झालंय, कारण मागे रांग असते. तुझ्याही टेबलावर त्या दिवशी चार लॅपटॉप पडले होते, मी मोजले होते.

पैशांवरूनही आपलं भांडण झालंच. तू हजार म्हणालास, मी दोन पुढे केले, तू पाचशे परत दिलेस आणि वर म्हणालास, ‘नक्कल अंक छापून होईपर्यंत तुमच्याकडेच ठेवा, माझ्याकडे दुसरी डिस्क आहे.’ नव्हती तुझ्याकडे दुसरी. शिंप्याने नंतर सांगितलं.

अंकात विशेष आभारांत तुझं नाव घालणार होते. संपादकांना आता सगळं सांगितलंय, तेही हो म्हणाले होते. तुझ्या हट्टापायी राहिलं. बॅकअप आता दोन जागी असतो, रोज रात्री, देवाजवळ दिवा लावल्यासारखा. सोसायटीतले ते जाणकार परवा विचारत होते, लॅपटॉप कसा चाललाय. छान चाललाय म्हटलं, आणि लिफ्टचं बटण दाबलं.

रविवारी येतेय, अकराच्या सुमारास. तुझी डिस्क, अंकाच्या दोन प्रती, त्यातली एक शिंप्याला, आणि थोड्या करंज्या. पान ४७ वर चिठ्ठी खोचलीय, पहिला शब्द वाच. आणि जमलं तर त्या दिवशी जुन्या मशीनवर उबुंटू पुन्हा बसवून दे. लेक दिवाळीला येतोय, त्याला ती दोन नावं दिसायला हवीत.

तुझी,
वर्तकनगरची काकू