सर माधवरावांचा तारा

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कचेरीच्या वाटेवर, तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर ज्यांचा पुतळा आहे, त्या माधवरावांच्या नावामागे ‘सर’ कसे लागले, असे तू विचारले होतेस. फोनवर दोन वाक्यांत सांगून समाधान झाले नसते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माधवराव तंजावरकडच्या मराठी कुळातले. जन्म 1828 चा, कुंभकोणमचा. आजच्या केरळात असलेल्या त्रावणकोर संस्थानच्या राजपुत्रांना ते आधी शिकवीत, पुढे त्याच दरबाराचे दिवाण झाले आणि 1872 पर्यंत त्या पदावर राहिले. संस्थान कर्जात बुडाले होते. त्यांनी ते फेडले, तंबाखूचा सरकारी मक्ता 1863 मध्ये उठवला आणि ज्या इमारतीत आज सचिवालय आहे तीही त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. या कारभाराची दखल म्हणून 1866 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सरकारने त्यांना ‘स्टार ऑफ इंडिया’ या मानाचा के.सी.एस.आय. (नाइट कमांडर) हा किताब दिला, आणि त्यामुळेच नावामागे ‘सर’ लागले.

‘स्टार ऑफ इंडिया’ हा मान 1861 मध्ये सुरू झाला तेव्हा तो प्रामुख्याने राजेरजवाड्यांसाठी आणि बड्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी होता; ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, इंदूरचे तुकोजीराव होळकर आणि बडोद्याचे खंडेराव गायकवाड पहिल्या मानकऱ्यांत होते. 1866 मध्ये त्याचे तीन वर्ग केले गेले, म्हणून दिवाणासारख्या सेवकालाही त्यात जागा मिळाली. पदक मोठे देखणे असे: ऑनिक्सच्या लंबगोल खड्यात कोरलेली राणीची मुखाकृती, भोवती निळ्या मिन्यावर हिऱ्यांनी जडवलेले ‘स्वर्गीय प्रकाश आमचा मार्गदर्शक’ या अर्थाचे इंग्रजी ब्रीद, वर पाच टोकांचा हिऱ्यांचा तारा आणि पांढऱ्या काठांची आकाशी फीत.

मात्र मला या पदकापेक्षा त्याच्या अटी अधिक बोलक्या वाटतात. आपल्याकडे दरबारातून मिळालेला शिरपाव घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपला जाई, कारण देणाऱ्याने आपल्या वैभवाचा अंश घेणाऱ्याला कायमचा दिलेला असे. हा तारा मात्र मानकऱ्याच्या मृत्यूनंतर सरकारला परत करावा लागे. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी निजामाच्या वतीने 1861 मध्येच आक्षेप घेतला होता की मखमली झगा इथल्या पेहरावात बसत नाही आणि मनुष्याची प्रतिमा अंगावर बाळगणे धर्माला धरून नाही. मला त्यांचा हा बाणा फार मोलाचा वाटतो, कारण मान स्वीकारतानाही तो कोणत्या अटींवर स्वीकारतो आहोत हे ते स्पष्टपणे विचारत होते.

माधवरावांबद्दल माझा आदर मोठा आहे, तरी त्यांच्याच दिवाणगिरीतली एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. तिथल्या नाडर जातीच्या स्त्रियांनी छाती झाकण्याच्या हक्कासाठी जो लढा दिला, त्यात संस्थानाचा कारभार रूढीच्या बाजूने उभा राहिला आणि मद्रास सरकारचा दाब आल्यावर 1859 मध्ये जी परवानगी दिली गेली, तीही वरच्या जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र नेसायचे नाही या अटीवर. हिऱ्यांच्या ताऱ्याविषयी लिहिताना हे गाळणे मला अन्यायाचे वाटले असते.

पुढे इंदूरचा कारभार पाहून ते 1875 मध्ये बडोद्यास आले. तिथले महाराज मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आणलेला कोवळा मुलगा गादीवर होता. राज्याची घडी बसवतानाच माधवरावांनी त्याला राज्यकारभारावर व्याख्याने दिली आणि तोच पुढे सयाजीराव महाराज म्हणून आपल्याला ठाऊक झाला. खरे सांगायचे तर ‘सर’ आणि 1877 मधला ‘राजा’ हा किताब, या दोन्हींपेक्षा मला ही व्याख्याने मोठी वाटतात. निवृत्तीनंतर, 1887 मध्ये मद्रासला राष्ट्रीय सभेचे (काँग्रेसचे) अधिवेशन भरले, तेव्हा राणीचा तारा मिरवणारा हाच गृहस्थ स्वागत समितीचा अध्यक्ष होता, आणि मला त्यात काही विसंगत वाटत नाही.

तब्येतीला जप. बाबांचा आशीर्वाद.

तुझी,
आई